आपली जमीन आपण वाचू या

गावाचे दोन भाग असतात. एक पांढरी आणि दुसरी काळी. घरे, देऊळ, चावडी ही सारी पांढरीत. शेते सारी काळीत. पांढरीतली माणसे काळीच्या जिवावर जगतात. म्हणून तर आपण तिला काळी आई म्हणतो.

आईचीसुद्धा प्रकृती पाहावी लागते. तिला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे लेकरांना कळले पाहिजे. जमिनीचे तसेच आहे. जमिनीची पाहणी म्हणजे तीन गोष्टी पाहणे. जमीन किती आहे, ही पहिली गोष्ट. माती कशी आहे, ही दुसरी. तिच्यावर आपोआप काय उगवते, ही तिसरी. पहिलीला मोजणी म्हणतात. दुसरीला प्रतवारी म्हणतात. तिसरी आहे झाडझाडोऱ्याची पाहणी.

“हे काम सरकारी माणसांचे. त्यात आपण काय करणार?” असे पुष्कळ जण म्हणतात. पण तसे म्हणून चालत नाही. का चालत नाही, ते इंदापूर तालुक्याच्या हकिकतीवरून कळेल. ही हकिकत खरी आहे.

इंदापूरची हकिकत

इंदापूर तालुका पुणे जिल्ह्यात आहे. एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला नीरा. पण नद्या काठाने वाहतात, आणि मधल्या माळावर पाऊस थोडा. साऱ्या वर्षात वीस इंचांच्या आसपास पडतो. तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांचा अंमल आला. नव्या सरकारला सारा ठरवायचा होता. सारा म्हणजे जमिनीवरचा कर. त्यासाठी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ पासून पुणे भागात पैमाश केली. पैमाश म्हणजे मोजणी. त्याचा हिशेब असा होता : शेतात पीक किती येते ते काढायचे. त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा. जे उरेल त्यातले शेकडा ५५ सरकारने घ्यायचे.

कागदावर हिशेब चोख दिसतो. पण पीक किती येते, हे सांगायचे कोणी? खर्च किती होतो, ते ठरवायचे कोणी? ते हाताखालच्या कारकुनांनी ठरवले. मोजणीत ठिकठिकाणी चुका झाल्या. कोठे लाच चालली. कोठे माणसांचा छळही झाला. ज्याने हात ओले केले त्याची जमीन हलकी ठरली. ज्याने केले नाहीत त्याच्या माळाला काळ्या रानाचा सारा बसला. त्यातच धान्याचे भाव पडले. मग काय झाले? शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. कित्येक जण मुलेमाणसे घेऊन शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेले. चांगली राने पडीक पडली.

एवढे झाल्यावर सरकारचे डोळे उघडले. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरात काम नव्याने सुरू केले. पुढल्या साली नवा सारा लागू झाला. त्यांनी पीक किती आणि खर्च किती, हा घोळ सोडून दिला. शेत मोजले. माती खणून पाहिली. मातीच्या प्रतीप्रमाणे दर ठरवला आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही, असे कबूल केले. शेतकऱ्याने स्वतः विहीर काढली, तरी त्या मुदतीत सारा वाढायचा नव्हता. तेव्हा पडीक राने पुन्हा नांगराखाली आली. हीच रीत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. तिचे नियम १८४७ साली पक्के झाले. आज आपल्या सातबारावर “आकार” म्हणून जो आकडा असतो, त्याचे मूळ या कामात आहे.

साखळी आणि गुंठा

मोजायला माप लागते. शिवछत्रपतींच्या राज्यात काठी चालत असे. पाच हात आणि पाच मुठी एवढी एक काठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो एक बिघा. एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पण हात सगळ्यांचा सारखा नसतो. म्हणून काठी ठरावीक लांबीची ठेवावी लागे.

इंग्रजी अमलात साखळी आली. ही साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोनी तुकडा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलांना हे गणित घालीत असू. आता तुम्ही करून पाहा. एक शेत ३३० फूट लांब आणि १३२ फूट रुंद आहे. लांबीत साखळ्या किती बसतील? दहा. रुंदीत किती? चार. दहा चोक चाळीस. म्हणजे ४० गुंठे. शेत बरोबर एक एकराचे झाले.

आता हेच शेत खोट्या साखळीने मोजू. समजा, साखळी फूटभर आखूड आहे, म्हणजे ३२ फुटांचीच आहे. मग त्याच शेताचे साडेबेचाळीस गुंठे भरतील. शेत तेच. बांध तेच. पण कागदावर अडीच गुंठे जास्त चढले. त्या अडीच गुंठ्यांचा सारा दर साली भरावा लागणार. एका फुटाची चूक पिढ्यान्‌पिढ्या महागात पडते, ती अशी.

आता सातबारावर एकर-गुंठे नसतात. हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा तुकडा. एक गुंठा आणि एक आर जवळजवळ सारखेच. शंभर आरांचा एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. सातबारावर ०.८१ असे लिहिले असेल तर घाबरू नका. ते ८१ आर झाले. म्हणजे दोन एकर.

मातीचे सोळा आणे

दोन एकर काळे रान आणि दोन एकर मुरमाड माळ यांचे मोल सारखे कसे असेल? म्हणून मोजणीनंतर माती पाहावी लागते.

त्या वेळच्या प्रतवारी करणाऱ्यांची रीत साधी होती. ते शेताचा कच्चा नकाशा काढीत. त्यावर चौकोन पाडीत. मग प्रत्येक चौकोनात खणून दोन गोष्टी पाहत. माती कोणत्या जातीची आणि किती खोल?

मातीच्या जाती तीन धरल्या होत्या. बारीक पोताची काळी माती ही पहिली. त्याहून जाड पोताची, बहुधा तांबूस रंगाची, ही दुसरी. मुरमाड, भुसभुशीत, करड्या रंगाची ही तिसरी. खोली हातांनी मोजीत. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट.

किंमत आण्यांत सांगत. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले. पण “सोळा आणे खरे” असे आपण अजून म्हणतो. पावणेदोन हात खोलीची काळी माती ही सोळा आणे जमीन. तीच काळी माती एक हातच खोल असली तर दहा आणे. तांबूस माती एक हात खोल असली तर आठ आणे. मुरमाड माती एक हात खोल असली तरी सहाच आणे.

मातीत दोष असला तर प्रत आणखी उतरे. चुनखडीचे खडे असणे हा एक दोष. वाळू मिसळलेली असणे हा दुसरा. जमीन उताराची असणे, पावसात वरून लोंढा येणे, पाणी साचून राहणे हेही दोषच. एका दोषाला एक पायरी खाली. दहा आण्यांच्या रानात दोन दोष निघाले की ते सहा आण्यांवर आले.

रंगावर भुलू नये, हे यातून शिकायचे. वरून काळीभोर दिसणारी जमीन खाली हातभरावर खडकाळ निघाली तर ती सोळा आणे नव्हे. एखादा शेतकरी रान काळे दिसते म्हणून फळबाग लावतो. पहिली तीन-चार वर्षे झाडे छान वाढतात. मग मुळ्या खालच्या चुनखडीला भिडतात. पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडे एकेक वाळू लागतात. तोवर पैसा गेला, वर्षेही गेली. लावणीच्या आधी तीन फुटांचा एक खड्डा घेतला असता, तर हे सारे टळले असते. बरं, खड्डा खणायला कोणाचा हुकूम लागतो काय?

हाताने माती पाहावी

माती पाहायला मोठी यंत्रे लागत नाहीत. मूठभर माती घ्या. खडे काढा. थोडे पाणी घालून मळा आणि तळहातावर तिची वळी करा. वळी होऊन तिचे कडे वाकले आणि तुटले नाही, तर ती चिकण माती. वळी झाली पण वाकवताना तुटली, तर ती मध्यम माती. वळीच होईना, तर ती वाळूची माती.

चिकण माती पाणी धरून ठेवते. आपल्या देशावरची काळी माती या जातीची आहे. सह्याद्रीचा जो काळा कातळ आहे, तो लाखो वर्षे झिजून ही माती झाली. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पावसाची ओल खोलवर टिकते. म्हणूनच पाऊस गेल्यावरही त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. मुरमाड मातीत पाणी खाली निघून जाते. तिथे खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा बरा.

झाडझाडोरा काय सांगतो

माणूस विसरतो, पण गवत विसरत नाही. जिथे जे सोसते तिथेच ते उगवते. म्हणून जुने जाणते लोक नवे रान घेताना आधी त्यावरचे गवत पाहत.

कुंदा माजला असेल तर माती काळी आणि खोल आहे, असे समजावे. कुंदा काढताना कंबर मोडते हे खरे. पण तो हलक्या रानात माजत नाही. मारवेल गवत असेल तर जमीन बरी आहे. लव्हाळा दाट असेल तर तिथे ओल टिकते. तरवडाची पिवळी फुले दिसली तर बहुधा खाली मुरूम किंवा खडक असतो. ओढ्याकाठी उंबर आणि करंज हिरवेगार असतील तर पाणी फार खोल नसावे. पाणकणीस उगवले असेल तर पाण्याचा निचरा बंद झाला आहे. तिथे आधी चर काढावा आणि मग पिकाचा विचार करावा.

गायरानाचेही असेच आहे. चांगल्या गायरानात पवन्या आणि मारवेल ही गवते असतात. ती जनावरांना आवडतात. पण रोज जनावरे सोडली आणि माळाला वरचेवर आग लावली, तर ही गवते जातात. तिथे कुसळी वाढते. त्याहून हाल केले तर कुसळीही जाते आणि उघडा खडा राहतो. मग पावसाचे पाणी माती घेऊन जाते. गायरानात यंदा कोणते गवत आहे, हे गावाने दर पावसाळ्यात पाहावे. आपले गायरान कोणत्या वाटेने चालले आहे, ते त्यावरून कळते.

मात्र एकाच झाडावरून निकाल देऊ नये. गवत जे सांगते, ते खड्डा खणून ताडून पाहावे.

पाणी आले आणि प्रत बदलली

आता पुन्हा इंदापूरकडे येऊ. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. वर भाटघरला धरण झाले. कोरड्या मुलखात पाटाचे पाणी आले. बारामती आणि इंदापूर भागात ऊस उभा राहिला. लोकांना वाटले, दुष्काळ संपला.

उसाला पाणी भरपूर द्यायचे, हीच रीत पडली. पण खोल काळ्या रानातून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. जमिनीखालचे पाणी वर वर आले. येताना क्षार घेऊन आले. ऊन पडले की पाणी उडून जाई आणि क्षार वर राहत. रानावर पांढरे फूल येऊ लागले. माती चोपण झाली. ओली असताना चिखल, वाळली की दगड. जी राने पूर्वी सोळा आणे होती, त्यांतली कित्येक नापीक झाली. खोल काळी माती ही जिरायतात सर्वांत चांगली होती. पाटपाण्याखाली तीच आधी बिघडली. वरची मध्यम माती, जिला कमी आणे मिळाले होते, ती टिकली.

पहिल्या प्रतवारीची ही चूक नव्हे. तेव्हा कालवा नव्हता. पण पाणी बदलले की जमिनीचे मोलही बदलते. म्हणून पुढे कालव्याखालच्या जमिनींची वेगळी पाहणी करावी लागली. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथेही कालव्याखालच्या मातीच्या जाती ठरवल्या गेल्या. चोपण जमिनीवर उपाय आहेत. चर काढून निचरा करणे, पाणी बेताने देणे, शेणखत घालणे, धैंचा गाडणे आणि माती तपासून जिप्सम टाकणे. पण हे उपाय खर्चाचे आहेत. दुखणे येण्याआधी पाहणी केली तर ती स्वस्त पडते.

कागद वाचता आला पाहिजे

इंदापूरची तीस वर्षांची मुदत १८६७ साली संपली. मधल्या काळात अमेरिकेतील लढाईमुळे कापसाचे भाव चढले होते. चढत्या भावांचा काळ पाहून नवा सारा बराच वाढवला. पुढे भाव पडले. शेतकरी सावकाराच्या दारात गेले. कागदावर काय लिहिले आहे, ते त्यांना कळत नव्हते. ते अंगठा उठवीत. १२ मे १८७५ रोजी सुपे गावी लोक खवळले. त्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. हे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या बचावासाठी कायदा केला. सगळा दोष साऱ्याचा नव्हता, कर्जाचाही होता. पण त्या लोकांना कागद वाचता येत असता, तर जाळण्याआधी तो त्यांनी वाचला असता.

आज विमान न उडवता ड्रोनने गावठाणे मोजतात. उपग्रहावरून जमिनीची चित्रे घेतात. नागपूरला मातीची पाहणी करणारी मोठी राष्ट्रीय संस्था आहे. २०१५ सालापासून शेतकऱ्यांना माती आरोग्य पत्रिका देण्याची योजना निघाली. २०२१ साली ई-पीक पाहणी आली. आपल्या शेतातील पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची. नोंद नसली तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते.

साधने बदलली, पण बांधावर उभे राहून “हे बरोबर आहे काय?” असे विचारायचे काम आपलेच आहे. मोजणीची नोटीस आली की घरी बसू नये. लगतच्या शेतकऱ्यांसह हजर राहावे. हद्दीचे दगड कोठे बसतात ते पाहावे. घरातल्या बायांनीही जावे. निंदणी-खुरपणी त्याच करतात. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, ते त्यांना अधिक ठाऊक असते. सातबारावर त्यांचे नाव लागले आहे की नाही, हेही त्यांनी वाचून पाहावे.

करून पाहा

१. आपला सातबारा काढा. गट नंबर, क्षेत्र, पोटखराब आणि आकार हे चार शब्द शोधा. पोटखराब म्हणजे शेतातली नाला, खडक, रस्ता अशी लागवडीस न येणारी जागा. ती शेतात आहे तेवढीच लिहिली आहे काय?

२. शेतात एक तीन फुटांचा खड्डा घ्या. काळी माती किती फुटांवर संपते? खाली काय लागते? तारीख घालून वहीत लिहा.

३. मातीचा नमुना तपासणीला द्या. पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करावा. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी. सगळी माती घमेल्यात मिसळावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. नाव, गाव आणि गट नंबर लिहिलेली चिठ्ठी आत ठेवावी. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये.

४. बांधावरची आणि पडीक तुकड्यावरची पाच गवते किंवा झाडे ओळखा. त्यांची नावे लिहा. नाव येत नसेल तर आजीला किंवा गुराख्याला विचारा.

प्रश्न

१. प्रिंगलच्या पाहणीनंतर लोक जमिनी टाकून का गेले?

२. ६६ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा किती गुंठे होईल?

३. एकच काळे रान कालवा येण्याआधी सोळा आणे होते. कालवा आल्यावर ते का बिघडले?

४. तुमच्या गायरानात गेल्या दहा वर्षांत गवत वाढले की कमी झाले? का? चार ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.